व्हीलचेअर घेऊन परदेशातल्या रेल्वेने: नाशिकहून करायची तयारी आणि तिथली रीत

मुलगी लंडनला, मुलगा म्युनिकला आणि आई किंवा बाबा व्हीलचेअरवर. नाशिकमध्ये आता अशी घरं कमी राहिलेली नाहीत. या घरांतून हमखास येणारा प्रश्न म्हणजे, तिकडच्या रेल्वेत व्हीलचेअर चढते का? चढते. माणूस खुर्चीवर बसलेला असतानाच, कुणीही उचलून न घेता, डब्यात राखून ठेवलेल्या जागेपर्यंत जाता येतं. पण ती जागा बहुतेक गाड्यांत एक-दोनच असते आणि रॅम्प लावणारा माणूस कळवल्याशिवाय सहसा येत नाही. त्यामुळे हा प्रवास नीट होणार की नाही, ते निघायच्या दोन-तीन महिने आधी आपल्या घरातच ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

माझी आई पक्षाघातानंतर व्हीलचेअर वापरते. आधार धरून चार पावलं टाकते, पण पायरी चढू शकत नाही. तिला उचललेलं अजिबात आवडत नाही. आपल्याकडे गाडीत चढवायचं म्हटलं की चार जण धावून येतात, काखेत हात घालतात, आणि ते सगळं प्रेमानेच करतात. पण ज्याला उचलतात त्याला त्या क्षणी काय वाटतं, हे फार कमी जण विचारतात. तिच्याबरोबर रेल्वेने फिरताना जे कळत गेलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी टेप घ्या

युरोप आणि ब्रिटनमधल्या गाड्या एका ठरलेल्या मापाची खुर्ची धरून बांधतात. रुंदी ७०० मिलिमीटर आणि लांबी १,२०० मिलिमीटर. चाकाची ढकलायची रिंग धरणारे हात आणि पुढे येणारी पावलं यांच्यासाठी थोडी जास्तीची जागा नियमातच धरलेली असते. इलेक्ट्रिक खुर्ची, तिच्यावरचा माणूस आणि अडकवलेल्या पिशव्या असं सगळं मिळून वजन ३०० किलोपर्यंत चालतं. आपल्याकडच्या साध्या घडीच्या खुर्च्या बहुधा या मापात बसतात, पण 'बहुधा' वर विसंबून तिकीट काढू नका.

दुकानदार 'अठरा इंची' म्हणतो ते सीटचं माप असतं. आपल्याला हवी ती पूर्ण रुंदी, म्हणजे एका बाजूच्या ढकलायच्या रिंगच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाजूच्या रिंगच्या बाहेरच्या कडेपर्यंत. लांबी मोजताना माणूस बसलेला हवा, पायात बूट हवेत. मागच्या चाकाच्या टोकापासून बुटाच्या टोकापर्यंत टेप धरा. गुडघा वाकत नसेल आणि पाय सरळ ठेवणारा फूटरेस्ट लावला असेल, तर लांबी १,२०० च्या पुढे सहज जाते. मग ते रेल्वेला आधीच लिहून विचारावं लागतं.

वजनासाठी मी आईला खुर्चीसकट ओळखीच्या धान्याच्या दुकानात नेलं. तिथल्या दादांनी पोती बाजूला सरकवून जमिनीवरचा वजनकाटा मोकळा करून दिला, कडेला एक लाकडी फळी टेकवली आणि खुर्ची वर चढवली. ब्रेक लावले, सगळ्यांनी हात सोडले, आकडा स्थिर होऊ दिला. मग आईला बाकावर बसवून रिकाम्या खुर्चीचं वजन घेतलं. हे दोन्ही आकडे लागतात. रिकाम्या खुर्चीचं वजन विमान कंपनी विचारते, माणसासकटचं रेल्वे विचारते. रॅम्प आणि लिफ्ट किती भार पेलतात, त्यावर सगळं अवलंबून असतं.

लांबी, रुंदी, उंची, घडी केल्यावरचं माप, दोन्ही वजनं आणि इलेक्ट्रिक असेल तर बॅटरीचा प्रकार, असं सगळं एका कागदावर इंग्रजीत लिहून त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. पुढचे महिनाभर तोच फोटो सगळीकडे पाठवत राहाल.

खुर्ची जुनी असेल तर निघण्याआधी तिची डागडुजी करा. पुढच्या लहान चाकांचे बेअरिंग, ब्रेकची पकड, फूटरेस्टच्या कड्या तपासा. युरोपातल्या जुन्या गावांत रस्ते दगडी फरसबंदीचे असतात. तिथे पुढचं लहान चाक अडकतं आणि बसलेला माणूस पुढे झुकतो. हवेचे टायर असतील तर दोन्ही ट्यूब आपल्या सायकलवाल्याकडून नव्या टाकून घ्या. एक जादा ट्यूब, अॅलन कीचा संच आणि मूठभर केबल टाय पिशवीत असू द्या.

स्कूटर असेल तर वेगळा विचार

मोबिलिटी स्कूटरचे नियम व्हीलचेअरपेक्षा कडक असतात, आणि हे अनेकांना तिथे गेल्यावर कळतं. स्कूटर लांब असते, तिला वळायला जास्त जागा लागते आणि डब्यातल्या अरुंद दारात ती अडकते. ब्रिटनमध्ये प्रत्येक रेल्वे कंपनीचं स्कूटरबद्दलचं धोरण वेगळं आहे. काही कंपन्या आधी परवाना काढायला सांगतात, काही फक्त लहान स्कूटर घेतात. घडी होणारी स्कूटर सामान म्हणून नेता येते, पण मग तुम्हाला साध्या सीटवर बसता आलं पाहिजे. जपानमध्येही हँडलच्या स्कूटरला साध्या व्हीलचेअरपेक्षा जास्त अटी आहेत.

माझा सल्ला स्पष्ट आहे. थोडंफार चालता येत असेल आणि स्कूटर फक्त लांबच्या अंतरासाठी लागत असेल, तर ती नाशिकला ठेवा आणि हलकी घडीची व्हीलचेअर न्या. ब्रिटनमधल्या अनेक शहरांत शॉपमोबिलिटी नावाची सोय आहे. तिथे गावात फिरायला स्कूटर भाड्याने किंवा काही ठिकाणी नाममात्र पैशांत मिळते. स्कूटर न्यायचीच असेल, तर वळायला लागणारी जागाही मोजून ठेवा आणि प्रत्येक रेल्वे कंपनीचं उत्तर लेखी घ्या.

बॅटरी, चार्जर आणि मुंबईपर्यंतचा रस्ता

इलेक्ट्रिक खुर्चीच्या बॅटरीवर विमान कंपनी अडून बसू शकते, म्हणून हे तिकिटाच्या आधी पाहा. लिथियम बॅटरी काढता येण्यासारखी असेल तर ती काढून केबिनमध्ये, म्हणजे स्वतःजवळ न्यावी लागते. तिची मर्यादा ३०० वॅट-अवर आहे. दोन बॅटऱ्या लागत असतील तर प्रत्येकी १६०. हिशोब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २४० वॅट-अवर, ती चालते. २४ व्होल्ट, २० अँपिअर-अवरची झाली ४८०, आणि तिथे काउंटरवर वाद होतो. आकडा बॅटरीच्या लेबलवर छापलेला हवा. लेबल पुसलं गेलं असेल तर विक्रेत्याकडून लेटरहेडवर लिहून घ्या. सीलबंद जेल बॅटरी सहसा खुर्चीतच घट्ट बसवून जाते. कोणतीही बॅटरी असली तरी कंपनीची परवानगी आधी लागते.

चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. '१०० ते २४० व्होल्ट' असं लिहिलेलं असेल तर तो जगभर चालतो. फक्त २२० किंवा २३० लिहिलं असेल, तर युरोप आणि ब्रिटनमध्ये काम होईल, पण जपानमध्ये १०० आणि अमेरिकेत १२० व्होल्ट असल्याने तिथे खुर्ची चार्ज होणार नाही. पिन तर सगळीकडेच वेगळी. ब्रिटनची चौकोनी तीन दांड्यांची, युरोपची दोन गोल दांड्यांची, आणि स्वित्झर्लंडची आणखी निराळी.

विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवायचं असतं, पण मी तिकीट काढतानाच सांगते. मदत लागणाऱ्या प्रवाशांचे तीन प्रकार असतात. पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही तो एक, पायऱ्या चढता येत नाहीत तो दुसरा आणि सीटपर्यंतही चालता येत नाही तो तिसरा. आपला प्रकार नेमका सांगा. भीड वाटून हलका प्रकार सांगितला की विमानाच्या दारात शिडी समोर येते.

नाशिकहून मुंबई विमानतळापर्यंत मी गाडीनेच जायला सांगेन. पंचवटी एक्स्प्रेससारख्या गाड्या आहेत, पण सामान, खुर्ची, उतरल्यावर पुन्हा टॅक्सी, आणि तेही रात्रीच्या विमानाच्या आधी, एवढी दगदग पहिल्याच टप्प्यात नको. इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाटातली रखडपट्टीही टाळता येते.

विमानतळावर तुमची खुर्ची काउंटरवरच घेऊन टाकायचा आग्रह होईल. तुमची स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरायची आहे, असं नम्रपणे पण ठामपणे सांगा आणि तसा टॅग लावून घ्या. उतरल्यावरही ती दारातच मिळावी, असं टॅगवर लिहून घ्या. गादी, फूटरेस्ट, जॉयस्टिक असं सुटं होणारं सगळं काढून केबिनमध्ये न्या. खुर्चीचे चारही बाजूंनी फोटो काढा. घडी कशी करायची आणि कुठे धरून उचलायची नाही, हे इंग्रजीत लिहून पाठीच्या कापडाला चिकटवा.

देशागणिक रीत

मदत कुठेही विकत घ्यावी लागत नाही. रॅम्प, कर्मचारी, फलाटापर्यंत सोबत हे सगळं फुकट असतं. कळवायची पद्धत आणि मुदत मात्र देशानुसार बदलते.

ब्रिटन सगळ्यात सोयीचं वाटलं. तिथल्या सेवेचं नाव पॅसेंजर असिस्ट. गाडीच्या दोन तास आधीपर्यंत कळवता येतं, फोनवर, वेबसाइटवर किंवा अॅपवरून. न कळवता स्टेशनवर गेलात तरी मदत मागता येते, फक्त थांबावं लागू शकतं. प्रत्येक स्टेशनच्या पानावर पायऱ्यांशिवाय जाता येतं का, ते अक्षरांनी दिलेलं असतं. 'ए' म्हणजे सगळ्या फलाटांवर पायरीविना पोहोचता येतं. मुक्कामासाठी हॉटेल शोधताना जवळचं स्टेशन 'ए' आहे का, ते आधी बघा. तिथल्या दिव्यांग रेलकार्डाने प्रवासी आणि एक प्रौढ सोबती दोघांनाही एक तृतीयांश सवलत मिळते, पण त्यासाठी लागणारे पुरावे बहुतेक त्या देशातले आहेत. आपल्यासारख्या पाहुण्यांना उपयोगी पडते ती दुसरी सवलत. पूर्ण प्रवास स्वतःच्या व्हीलचेअरवर बसूनच करणार असाल, तर कार्ड नसतानाही कोणत्याही वेळी चालणाऱ्या पूर्ण भाड्याच्या तिकिटावर सूट मिळते, सोबत्यालाही. ती तिकीट खिडकीवर मागा. मात्र आधी काढलेलं सवलतीचं तिकीट कधीकधी त्याहूनही स्वस्त पडतं, म्हणून दोन्ही दर ताडून पाहा.

लंडनमध्ये भुयारी रेल्वेच्या नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह दोन रंगांत असतं. निळं म्हणजे रस्त्यापासून थेट डब्यापर्यंत पायरी नाही. पांढरं म्हणजे फलाटापर्यंत पायरी नाही, पण डबा आणि फलाट यांच्यात फट किंवा उंचवटा आहे. हा फरक घरातल्या सगळ्यांना समजावून सांगा. एलिझाबेथ लाइनच्या सगळ्या स्टेशनांवर फलाटापर्यंत पायरीविना जाता येतं आणि मधल्या भुयारी भागात डबा फलाटाच्या पातळीला असतो. हीथ्रोला उतरलात तर हीच लाइन धरा.

युरोपियन युनियनमध्ये रेल्वे प्रवाशांच्या हक्कांचा नवा नियम ७ जून २०२३ पासून लागू आहे. २४ तास आधी कळवलं की मदत मिळणं हा हक्क आहे. काही देशांना जास्त मुदत मागायची मुभा दिली गेली, म्हणून मी दोन दिवस धरून चालते. पूर्ण प्रवासात गाड्या बदलायच्या असल्या तरी एकदाच कळवणं पुरेसं असतं. रेल्वेनेच सोबती आणण्याची अट घातली, तर त्या सोबत्याकडून भाडं घेता येत नाही. कळवायला उशीर झाला तरी शक्य तेवढे प्रयत्न करणं रेल्वेवर बंधनकारक आहे.

कुठे कळवायचं? जर्मनीत डॉइच बानचं मोबिलिटीसर्व्हिस-झेंट्राले नावाचं केंद्र आहे. इटलीत साला ब्लू. फ्रान्समध्ये टीजीव्ही या वेगवान गाडीत व्हीलचेअरची जागा सहसा पहिल्या वर्गात असते, पण भाडं दुसऱ्या वर्गाचं लागतं. पॅरिसच्या मेट्रोच्या भरवशावर मात्र राहू नका. ती जुनी आहे आणि पूर्णपणे व्हीलचेअरला सोयीची अशी एक १४ नंबरची लाइनच आहे. पॅरिसमध्ये बस घ्या. लंडनहून पॅरिसला यूरोस्टारने जाणार असाल तर खुर्चीवरच्या प्रवाशाला आणि एका सोबत्याला सवलतीचं भाडं आहे. पण ब्रिटनचा व्हिसा वेगळा, शेंगेन म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एक व्हिसा वेगळा, आणि दोन्ही हातात हवेत. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचा आरोग्य विमाही लागतो. आधीपासूनच्या आजाराला तो विमा लागू आहे का, हे विमा एजंटकडून लेखी घ्या.

स्वित्झर्लंड आपल्या लोकांचं लाडकं. तिथल्या रेल्वेच्या ऑनलाइन वेळापत्रकात प्रत्येक गाडीपुढे छोटं चिन्ह असतं: स्वतःचं स्वतः चढता येईल, कर्मचारी चढवेल, की आधी कळवावं लागेल. हे चिन्ह बघून गाडी निवडली तर निम्मी चिंता मिटते. खालच्या पातळीच्या नव्या गाड्यांत खुर्ची सरळ आत जाते. जुन्या गाडीला मोबिलिफ्ट लागते. फलाटावर ठेवलेला हा चाकांचा लोखंडी पाळणा कर्मचारी डब्याच्या दाराशी ढकलत आणतो. खुर्ची आत घेतो, मागची फळी लावतो, ब्रेक लावायला सांगतो आणि हँडल फिरवत फिरवत माणसासकट खुर्ची डब्याच्या पातळीला आणतो. पहिल्यांदा आईने दोन्ही हातांनी आर्मरेस्ट घट्ट धरले होते. वर गेल्यावर पुढची फळी डब्यात टेकते आणि खुर्ची आत जाते. घाई नाही, आरडाओरडा नाही. युंगफ्राउयोख या डोंगरावरच्या स्टेशनला जायचं असेल तर ते ३,४५४ मीटर उंचीवर आहे. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बेत करू नका.

जपानमध्ये शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेनसाठी खुर्ची ७० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर लांब या मर्यादेत हवी. टोकियो–ओसाका मार्गावरच्या नव्या एन७००एस गाडीत अकराव्या डब्यात खुर्च्यांसाठी सहा जागा आहेत. स्टेशनवरचा कर्मचारी घडीचा रॅम्प घेऊन तुम्हाला डब्यापर्यंत नेतो, पुढच्या स्टेशनला डबा आणि दार कळवतो, आणि तुम्ही उतरता तिथे दुसरा कर्मचारी रॅम्प घेऊन आधीच उभा असतो.

अमेरिकेत अॅमट्रॅक या रेल्वे कंपनीची मर्यादा ३० इंच रुंद, ४८ इंच लांब आणि माणसासकट ६०० पौंड, म्हणजे साधारण २७२ किलो. दिव्यांग प्रवासी आणि एक सोबती, दोघांनाही १० टक्के सवलत आहे. त्यासाठी डॉक्टरांचं इंग्रजी पत्र जवळ ठेवा. दुमजली गाडीत खालच्या मजल्यावरची जागा मागा, कारण डब्यातून डब्यात जायचा रस्ता वरच्या मजल्यावरून असतो.

जागा आधी, बाकी सगळं नंतर

आपली सवय अशी की आधी विमान, मग हॉटेल, मग फिरायच्या जागा, आणि रेल्वे सगळ्यात शेवटी. व्हीलचेअर असेल तर हा क्रम उलटा करा. डब्यात जागाच दोन असतील आणि त्या दिवशी दोन्ही गेल्या असतील, तर गाडी रिकामी असूनही तुम्हाला जाता येणार नाही. म्हणून गाडी, मग व्हीलचेअरची जागा, मग मदतीची नोंद, आणि त्यानंतर हॉटेल. तोवर सगळी बुकिंग रद्द करता येणारी ठेवा. लांब पल्ल्याच्या गाड्यांचं आरक्षण कधी उघडतं ते आधी पाहून ठेवा. ते उघडेल त्याच आठवड्यात हात घाला.

युरेल पास, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा पास, काढला असेल तरी टीजीव्हीसारख्या गाड्यांना जागा वेगळी आरक्षित करावी लागते. खुर्चीची जागा नेहमीच्या वेबसाइटवर कित्येकदा दिसत नाही. फोन किंवा ईमेल करावा लागतो. नातेवाईक त्या देशात असतील तर हे एक काम त्यांच्याकडे सोपवा. स्थानिक भाषेत फोन झाला की अर्ध्या दिवसाचं काम दहा मिनिटांत उरकतं.

ईमेलमध्ये एवढं सगळं एकदाच लिहा: तारीख, गाडी क्रमांक, कुठून कुठे, कुठे गाडी बदलणार, खुर्ची साधी की इलेक्ट्रिक, घडी होते का, तिची लांबी, रुंदी, माणसासकट वजन, प्रवासी खुर्चीवरच बसून राहणार की सीटवर बसणार, पायरी चढता येते का, सोबत किती जण, किती सामान, त्या देशात चालणारा फोन नंबर. यातली 'पायरी चढता येते का' ही एक गोष्ट राहिली तर कर्मचारी हात द्यायला येतो, रॅम्प आणत नाही. उत्तरात आलेला नोंद क्रमांक कागदावर छापून घ्या.

गाडी बदलायची असेल तर मधला वेळ भरपूर ठेवा. वेबसाइट आठ मिनिटांची जोडगाडी दाखवते, ती धडधाकट माणसासाठी असते. आम्ही तासाभराखाली जात नाही. लिफ्ट बंद पडणं, फलाट ऐनवेळी बदलणं हे जर्मनीतही होतं. तिथली रेल्वे स्टेशनातल्या लिफ्ट चालू आहेत की बंद हे ऑनलाइन दाखवते. निघायच्या दिवशी सकाळी ते बघा. शक्य असेल तर सरळ गाडीच निवडा, मग ती तासभर जास्त घेणारी का असेना. दिवसातली शेवटची गाडी कधीही धरू नका.

निघायच्या आधी नाशिकमध्ये रॅम्पचा सराव करा. दवाखान्याचा, मॉलचा, कुठलाही चालेल. साधी खुर्ची चढताना तोंड पुढे आणि ढकलणारा मागे. उतरताना खुर्ची उलटी फिरवून, पाठ उताराकडे करून हळूहळू खाली. बसलेल्या माणसाला हे उलटं उतरणं पहिल्यांदा भीतीचं वाटतं. ती भीती इथेच गेलेली बरी.

गाडीच्या दिवशी

मदतीच्या ठिकाणी अर्धा तास आधी हजर राहा. मोठ्या स्टेशनवर ही जागा कुठे आहे ते आदल्या दिवशी पाहून ठेवलं तर उत्तम. मदतनीस आला की त्याने आपण होऊन खुर्चीला हात लावायच्या आधी, कसं धरायचं हे खुर्चीवरच्या माणसाने सांगावं. इंग्रजी येत नसेल तर आपण सांगावं, पण आधी आईला, बाबांना विचारून. तिकडचे कर्मचारी थेट खुर्चीवरच्या माणसाशी बोलतात. आपण मध्येच उत्तर देऊन टाकतो. ती सवय सोडायला हवी.

इलेक्ट्रिक खुर्ची रॅम्पवर सरळ रेषेत, सगळ्यात कमी वेगावर घ्या. मागच्या हँडलला जड बॅगा लटकवू नका. चढावर खुर्ची मागे कलंडते. डब्यात जागेवर गेल्यावर ब्रेक लावा, इलेक्ट्रिक असेल तर बंद करा. मग टीसीला गाठून कुठे उतरायचं ते सांगा, नोंद क्रमांक दाखवा आणि पुढच्या स्टेशनला निरोप गेला आहे ना, विचारा.

स्वच्छतागृह चालू आहे का, हे चढल्या-चढल्या बघा. व्हीलचेअरचं स्वच्छतागृह सहसा जवळच असतं, प्रशस्त असतं, पण ते बंद असेल तर पाच तासांचा प्रवास कठीण होतो. बंद दिसलं तर टीसीला लगेच सांगा. लांबच्या प्रवासात मधल्या मोठ्या स्टेशनवर उतरवून पुढची गाडी देण्याची तजवीज रेल्वे करू शकते. तिकडे जेटस्प्रे नसतो, म्हणून एक रिकामी बाटली आणि ओले टिश्यू पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा. ब्रिटनमध्ये अनेक सार्वजनिक दिव्यांग स्वच्छतागृहं एकाच किल्लीने उघडतात. रडार की नावाची ही किल्ली थोड्या पौंडांत विकत मिळते. घेऊन ठेवा. पाणी कमी पिऊन प्रवास करायची सवय आपल्या बायकांना फार आहे. आईला मी तसं करू देत नाही, त्याने लघवीचा संसर्ग होतो आणि सगळी सहल आजारपणात जाते.

उतरायच्या पंधरा मिनिटं आधी कोट, पिशव्या, फूटरेस्ट सगळं तयार ठेवा. गाडी थांबली आणि रॅम्प घेऊन कुणी दिसलं नाही तर घाबरून खुर्ची उचलायला जाऊ नका. एकाने दारात उभं राहावं, दुसऱ्याने टीसीला हाक मारावी. दारात माणूस दिसला की गाडी सहसा हलत नाही. दाराजवळ आपत्कालीन बटण असतं, त्यावरून बोलता येतं. तरीही गाडी पुढे गेलीच, तर पुढच्या थांब्यावर उतरवून परत आणण्याची जबाबदारी त्यांची असते. त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

खुर्ची मोडली तर

चढवताना-उतरवताना खुर्चीला धक्का लागून फूटरेस्ट वाकतो, चाकाचा आस सरकतो. त्याच फलाटावर, त्याच वेळी कर्मचाऱ्याला दाखवा, फोटो काढा आणि लेखी नोंद मागा. युरोपियन युनियनच्या नियमानुसार रेल्वेच्या हातून खुर्ची मोडली किंवा हरवली, तर दुरुस्तीचा किंवा नव्या खुर्चीचा खर्च रेल्वेने द्यायचा असतो, आणि तोवर तात्पुरती खुर्ची मिळवून देण्यासाठी प्रयत्नही करायचे असतात. त्यासाठी खुर्चीचं बिल लागतं. नाशिकच्या दुकानातून घेताना पक्कं बिल घेतलं नसेल तर आताच मागून घ्या, आणि त्यावर मॉडेल व किंमत आहे ना, तपासा. विमानात मोडली तर विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच तक्रार नोंदवा. बाहेर पडल्यावर सिद्ध करणं फार अवघड जातं.

परतीच्या गाडीची आणि परतीच्या विमानाची मदत वेगळी नोंदवावी लागते. जातानाची नोंद येतानाला चालत नाही. मुक्कामाच्या मध्यावर एक दिवस बसून ती पुन्हा पक्की करून घ्या, आणि मुंबईला घ्यायला येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला घडी केलेल्या खुर्चीचं माप आधीच पाठवा, म्हणजे तो डिकीत बसेल अशी गाडी घेऊन येईल.